नको तिथे उजेड

सूनबाईने नवा पांढरा कोट अंगात घालून पाहिला, तेव्हा तो तिच्या घोट्यापर्यंत पोचला. नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारलं, "यात आणखी कोणी यायचंय का?"

"दुकानात याहून लहान माप नव्हतं," सूनबाई म्हणाली.

"मग मलाही घे. दोघं मिळून जाऊ."

कोट घेणं मात्र भाग होतं. सूनबाई ज्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती तिथे दोन नियम होते. तिथला कोट बाहेर न्यायचा नाही हा एक, आणि कोट घातल्याशिवाय जंतूंच्या वाटेला जायचं नाही हा दुसरा. आता जंतूच आठवडाभर घरी राहायला येणार होते, तेव्हा दोन्ही नियम पाळायचे तर घरासाठी वेगळा कोट हवा. दुसरी एखादी असती तर तिने त्यातला एक नियम गुंडाळून ठेवला असता. सूनबाई तशी नव्हती. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला थांबणाऱ्यांपैकी ती होती, आणि हे नवऱ्याला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं.

सासूबाई आतून हात पुसत आल्या. त्यांनी सुनेला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खालीच नजर ठेवून म्हणाल्या, "काढ तो. दुमडून देते. अशी लोळवत गेलीस तर लोक म्हणतील, घरात हिच्याकडे बघणारं कोणी नाही."

त्यांनी कोट धुतला, वाळवला, चांगला चार बोटं दुमडून हाताने शिवला आणि इस्त्री करून संध्याकाळी सुनेच्या हातात दिला. टाके इतके बारीक की शोधूनही दिसेनात. कोट असा सरळ खाली पडत होता की सूनबाईला आपण उगाचच उंच झाल्यासारखं वाटलं. तिला मनापासून बरं वाटलं, आणि त्याला कारणही होतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंनी तिच्या कामाबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. सून जंतू पाळते आणि त्याचा तिला पगार मिळतो एवढंच त्यांना माहीत होतं, आणि माहीत आहे हे त्या चारचौघांत कबूल करत नसत. आज पहिल्यांदा त्यांचा हात तिच्या कामाला लागला होता. सूनबाईने कोट आरशासमोर पुन्हा एकदा घालून पाहिला.

तर हे जंतू. ते काही वाटेवर पडलेले नव्हते. सूनबाईने त्यांच्या जनुकांत असा फेरफार केला होता, की हवेत नॅप्थलीन आलं की ते हिरवट निळा उजेड सोडायला लागत. गाड्यांच्या धुरात नॅप्थलीन असतं. म्हणजे हवेत धूर असला की जंतू उजळणार आणि हवा चांगली असली की अंधारात गुमान बसणार. एका पारदर्शक लगद्याच्या चकतीत ते राहत आणि चकती काळ्या पत्र्याच्या पेटीत बंद असे. पेटीला एका बाजूने जाळी होती. तिच्यातून हवा आत जाई, पण जंतूंना बाहेर यायची सोय नव्हती. वर डोळा लावायला भोक होतं. उजेड फार मंद असल्यामुळे डोक्यावर काळं कापड घेऊन थोडा वेळ पेटीवर ओणवं राहावं लागे, तेव्हा कुठे तो दिसे.

हा सगळा खटाटोप एका शाळेसाठी होता. सूनबाईची मुलगी ज्या शाळेत जायची, तिच्या फाटकासमोर शाळेच्या बस इंजिन चालू ठेवून उभ्या असत. मुलगी रोज खोकत घरी येई. तिला आणायला आजी जाई, त्यामुळे आजीही खोकत घरी येई. पालकांनी शाळेच्या अध्यक्षांना सांगून पाहिलं. अध्यक्षसाहेब म्हणाले, धूर मला तर दिसत नाही, मग तो आहे कशावरून? खरं कारण वेगळं होतं. प्रत्येक बसच्या कुशीवर साहेबांचा हसरा फोटो रंगवलेला होता आणि तो फाटकातून शिरणाऱ्या प्रत्येकाला दिसत होता. शेवटी सूनबाईने पेटीची गोष्ट काढली. एक पेटी फाटकावर ठेवायची, दुसरी शाळेच्या मागच्या बाजूला, बागेला लागून असलेल्या खोलीत. फाटकावरची उजळली आणि खोलीतली अंधारी राहिली, तर बस मागच्या मैदानात उभ्या करीन, असं साहेबांनी पालकांसमोर कबूल केलं. कबूल करताना ते हसलेही होते, अगदी फोटोतल्यासारखे.

सूनबाईचे विभागप्रमुख सावध गृहस्थ होते. "मॅडम, आधी एक पेटी घरी ठेवून बघा," ते म्हणाले. "चांगल्या हवेत ती अंधारी राहते ना, एवढी खात्री करा. नाही राहिली, तर शाळेत न्यायची नाही. आपलं हसं होईल."

सूनबाईला त्यात अवघड काही वाटलं नाही. घर आडगल्लीत होतं, तिसऱ्या मजल्यावर, आणि मागे झाडीच झाडी. अडचण एकच होती, आणि ती तिला पक्की माहीत होती.

"आई, एक काम होतं," ती सासूबाईंना म्हणाली. "डांबरगोळ्या काढाव्या लागतील."

सासूबाईंचा हात जागीच थांबला. डांबरगोळी हा त्यांचा जीव की प्राण होता. कपड्यांना कसर लागू नये म्हणून त्यांनी घरभर गोळ्या पेरून ठेवल्या होत्या. पाहुणे दारातच नाकाला रुमाल लावत. सूनबाईलाही नव्या नवलाईत त्या वासाने शिंका यायच्या, पण हळूहळू तिचं नाकही या घरचं झालं होतं आणि आता तिला काही म्हणजे काही जाणवत नसे.

"गोळ्यांनी काय केलं तुझं?"

"त्यांच्यात नॅप्थलीनच असतं, आई. जंतूंना वाटेल धूरच आला. एक आठवड्याचा प्रश्न आहे."

"कुठल्या कुठल्या काढू ते नीट सांग. मागाहून बोलायला नको."

सूनबाईने नीट सांगितलं. नीट सांगणं हा तिचा स्वभावच होता. "तिन्ही कपाटांतल्या, ट्रंकेतल्या, गाद्यांखालच्या, पुस्तकांमागच्या आणि न्हाणीघरातल्या."

सासूबाईंनी अक्षरशः तेवढ्या ठिकाणच्या गोळ्या वेचून काढल्या. मोठा डबा भरला. तो त्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे ठेवायला दिला आणि झाकण घट्ट लावत जा, असं दोनदा बजावलं. मग घराची दारंखिडक्या उघडून दोन दिवस वारा खेळवला आणि मग पेटी आली.

पेटी बाहेरच्या खोलीत, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. तिच्यावरच्या खुंटीला कोट लागला. जिथे पेटी तिथे कोट, म्हणजे विसरायला नको, ही सूनबाईची शिस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कोट चढवला, डोक्यावर काळं कापड घेतलं आणि भोकाला डोळा लावला. आत स्वच्छ हिरवट निळा उजेड होता.

"काय म्हणतायत?" सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवत विचारलं.

"उजळलेत," सूनबाई कापडाखालून म्हणाली.

"मग छानच की."

"छान नाही, बाबा. उजळायला नको होते."

तिने विचार केला, बाहेरची खोली गल्लीच्या बाजूला आहे, एखादी गाडी येऊन गेली असेल. तिने चकती बदलली, पेटी उचलून मागच्या झोपायच्या खोलीत नेली, कोटही नेला आणि पेटीजवळच्या खिळ्याला अडकवला. संध्याकाळी पाहिलं तर तिथेही उजेड. रात्री जेवताना ती शांतपणे म्हणाली, "घरात कोणी काही जाळत असेल, किंवा कसला धूर करत असेल, तर मला सांगा. मी रागावणार नाही. जंतूंना सगळं कळतं."

सासूबाई निवांत जेवत होत्या. नवरा आणि सासरे मात्र आपापल्या ताटात काहीतरी शोधायला लागले.

हात धुताना नवरा तिच्या मागे येऊन उभा राहिला. "ते जंतू," तो दबक्या आवाजात म्हणाला, "नाव वगैरे सांगतात का?"

"काय केलंस?"

"रोज नाही गं. कधीतरी. मागच्या गॅलरीत. एखादीच."

सिगारेट त्याने मुलगी झाली तेव्हा सोडली होती. निदान तशी घरात समजूत होती. सूनबाईने कबूल केल्याप्रमाणे राग आवरला, पाकीट मागून घेतलं आणि पुन्हा चकती बदलली. नवऱ्याने दोन दिवस गॅलरीचं तोंड पाहिलं नाही. पेटी तरी उजळलेलीच.

मग सासरे आले. दुपारी, सासूबाई बाहेर गेलेल्या पाहून. निवृत्त झाल्यापासून त्यांना जुनी घड्याळं दुरुस्त करायचा नाद लागला होता. "सूनबाई, तुला म्हणून सांगतो," ते म्हणाले. "न्हाणीघराचं दार लावून मी जो वेळ बसतो ना, तो पोटासाठी नसतो."

"मग कशासाठी असतो?"

"चाकं धुतो. पेट्रोलमध्ये. हिने घरात पेट्रोल आणायला बंदी केली आहे. मागे पडदा पेटला होता ना, तेव्हापासून."

सूनबाईने पेट्रोलची बाटलीही घराबाहेर काढली. सासऱ्यांचं पोट त्या दिवसापासून एकदम सुधारलं, याचं सासूबाईंना फार नवल वाटलं. आणि पेटी उजळलेलीच राहिली.

आता संशयाला जागा एकच उरली, ती म्हणजे खालच्या मजल्यावरचा डबा. सूनबाई काकूंकडे गेली आणि म्हणाली, "काकू, आमचा डबा जरा दुसरीकडे हलवता येईल का? त्याचा वास वर येतो की काय अशी शंका आहे."

काकूंनी पदर झटकला. "आमच्या घरातून वास येतो?"

"तुमचा नाही, काकू. आमचाच. तुमच्या घरातून."

हे वाक्य तिने फार विचार करून उच्चारलं होतं, पण त्याचा व्हायचा तो परिणाम झालाच. काकूंनी डबा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या बहिणीकडे पाठवून दिला आणि जिन्यात सूनबाई दिसली की भिंतीकडे बघायला लागल्या. चार दिवसांत नवऱ्याचं व्यसन उघडं पडलं होतं, सासऱ्यांचा छंद बंद पडला होता, शेजार तुटला होता. जंतू मजेत उजेड पाडत होते.

शेवटी तिने पेटी उचलून प्रयोगशाळेत नेली. घरचा कोट तिथे चालत नसल्यामुळे तो घरीच खिळ्याला राहिला. तिथे पेटी बसवली, थोडा वेळ जाऊ दिला, तिथला जुना कोट घालून पाहिलं, तर आत काळाकुट्ट अंधार. पुन्हा पाहिलं, तरी अंधार. विभागप्रमुखांनीही कापड डोक्यावर घेऊन बघितलं आणि समाधानाने बाहेर आले.

"पेटी उत्तम आहे, मॅडम. शाळेत न्यायला हरकत नाही," ते म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या घरातलीच हवा वाईट आहे."

हे तिने घरी सांगायला नको होतं. पण नीट आणि खरं सांगायची सवय आडवी आली.

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या घरातली हवा वाईट?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. दुखावलेपण होतं, आणि ते सूनबाईला रागापेक्षा जड गेलं. त्यांनी पदर खोचला, सगळं घर वरपासून खालपर्यंत धुऊन काढलं, पंख्याची पातीसुद्धा पुसली. मग कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, "परवा शाळेत मीही येणार. बघू दे तरी मला, चांगली हवा कशी असते ती."

त्या दिवशी विभागप्रमुखांना नेमकी दुसरी बैठक निघाली. सूनबाई एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातावर घडी केलेला कोट घेऊन शाळेत पोचली. मागून सासूबाई आल्या. फाटकावरची पेटी आदल्या संध्याकाळीच मुख्याध्यापिकांनी आपल्या हाताने टांगली होती, कारण साहेबांनी अट घातली होती. या बाई फाटकाच्या आसपास फिरकता कामा नयेत, नाहीतर काहीतरी हातचलाखी करतील. सूनबाईला अट अपमानाची वाटली, पण अट ती अट. ती मागच्या दाराने आत गेली.

बागेलगतच्या खोलीत पालक जमले होते. सूनबाईने कोट चढवला, पेटी टेबलावर ठेवली आणि लोकांना जंतूंची माहिती सांगत पेटीला खेटून उभी राहिली. माहिती सांगायला तिला आवडत असल्यामुळे ती बराच वेळ उभी राहिली. मग मुख्याध्यापिका फाटकावरची पेटी घेऊन आल्या. साहेबांनी काळं कापड डोक्यावर घेतलं, वाकले आणि बाहेर येऊन म्हणाले, "आहे. उजेड आहे."

पालकांत आनंदाची कुजबुज झाली. सूनबाईच्या जिवात जीव आला. मग साहेब टेबलावरच्या पेटीकडे वळले, पुन्हा कापडाखाली गेले आणि या वेळी लवकर बाहेर आले. त्यांचा चेहरा पूर्ण फोटोसारखा झाला होता.

"इथेही उजेडच आहे," ते म्हणाले.

सूनबाईने स्वतः पाहिलं. साहेब खोटं बोलत नव्हते. तिची कानशिलं गरम झाली. तीन वर्षं ज्या जंतूंना तिने पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं, ते भर सभेत तिच्या तोंडावर उजेड पाडत होते. मुलीचा खोकला तिला ऐकू यायला लागला, मुलगी तिथे नसतानाही.

"म्हणजे फाटकावरची हवा आणि बागेतली हवा सारखीच," साहेब प्रसन्नपणे म्हणाले. "मग बस हलवून काय साधणार? आता सगळे जमलाच आहात, तर शाळेबद्दल दोन शब्द सांगतो."

ते दोन शब्द सांगायला लागले. शाळेची पायाभरणी झाली, पहिली इमारत झाली, साहेबांचं बालपण झालं. सूनबाई मागच्या रांगेत सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली. तिला घाम फुटला होता आणि डोळे भरून आले होते.

"काढ तो कोट," सासूबाई पुटपुटल्या. "घामाने निथळते आहेस. डाग पडतील."

तिने मुकाट्याने कोट काढून दिला. सासूबाईंनी तो बाहेर नेऊन व्हरांड्याच्या कठड्यावर वाळत टाकला. जाता जाता खोलीची एक खिडकीही उघडली, कारण साहेब आता दुसऱ्या इमारतीवर आले होते आणि हवा कोंदली होती.

तिसरी इमारत झाली. पाण्याची टाकी झाली. साहेबांनी बस घ्यायचं कसं ठरवलं, फोटोसाठी चित्रकार कुठून आणला, हेही झालं. पालक घड्याळाकडे बघून थकले. मुख्याध्यापिकांनी ही भाषणं पूर्वी ऐकली होती. वेळ जावा म्हणून त्यांनी काळं कापड हळूच डोक्यावर ओढलं आणि टेबलावरच्या पेटीत डोकावल्या. बराच वेळ तशाच राहिल्या.

"मला तर काहीच दिसत नाही," त्या कापडाखालून म्हणाल्या.

साहेब थांबले. "नीट बघा."

"नीटच बघतेय. अंधार आहे."

साहेबांनी बघितलं. अंधार होता. दोन पालकांनी बघितलं. अंधारच होता. "विझले वाटतं," साहेब म्हणाले. "बिघडलेलं दिसतंय यंत्र. मघाशी पेटलेलं, आता विझलेलं. यावर काय विश्वास ठेवायचा?"

पण सूनबाई उठून उभी राहिली होती. रडू कुठल्या कुठे गेलं होतं. मघाशी आणि आता यांत काय बदललं, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. खोली तीच. पेटी तीच. खिडकी उघडली हे खरं, पण प्रयोगशाळेत खिडकी बंद असतानाही पेटी अंधारीच होती. तिथे काय नव्हतं? घरात प्रत्येक खोलीत पेटीबरोबर काय होतं? ती व्हरांड्यात गेली, कठड्यावरून कोट उचलला आणि दोन्ही हातांनी चाचपडायला लागली. खिसे रिकामे होते. बाह्या रिकाम्या होत्या. खालच्या दुमडलेल्या पट्टीवरून बोटं फिरवताना काहीतरी वाटोळं, टणक हाताला लागलं. थोडं पुढे आणखी एक.

ती कोट घेऊन आत आली. क्षणभर तिची आणि सासूबाईंची नजरानजर झाली. सासूबाईंचा चेहरा अगदी निर्मळ होता, आणि तो पाहून तिला पुढचं बोलणं जड झालं. टाके किती बारीक होते ते तिला आठवलं.

"चूक पेटीची नाही," ती सगळ्यांना म्हणाली. "माझ्या कोटाची आहे. माझ्याच नजरचुकीने कोटात एक वस्तू राहून गेली."

"तुझ्या नजरचुकीने कशाला?" मागून सासूबाई म्हणाल्या. "मी शिवल्यात त्या."

सगळी सभा मागे वळली. सासूबाई उभ्या राहिल्या. "हिचा नवाकोरा कोट. कसर लागली असती तर? म्हणून दुमडताना डांबरगोळ्या घातल्या आत. वजनाने कोट सरळही पडतो."

"आई," सूनबाई हलक्या आवाजात म्हणाली, "मी सगळ्या काढायला सांगितल्या होत्या."

"कपाटातल्या म्हणालीस. ट्रंकेतल्या म्हणालीस. गाद्यांखालच्या, पुस्तकांमागच्या, न्हाणीघरातल्या. मी विचारलं होतं तुला, नीट सांग म्हणून. कोटातल्या कुठे म्हणालीस?"

जन्मभर नियमाने वागलेल्या माणसाला नियमानेच पकडलं होतं. मुख्याध्यापिकांनी कात्री आणून दिली. पट्टीची शिवण उसवली तशी एक पांढरी गोळी जमिनीवर पडली आणि घरंगळत जाऊन साहेबांच्या बुटाशी थांबली. साहेबांनी ती उचलून नाकाशी नेली आणि लगेच लांब केली.

"एवढ्याशा गोळीने?" त्यांनी विचारलं.

"कापडात शिवलेल्या गोळीने," सूनबाई म्हणाली. "हवं तर पुन्हा करून बघू."

पुन्हा करून बघितलं. कोट पेटीशेजारी ठेवला. सगळे वाट बघत बसले, आणि या वेळी साहेबांना भाषण करायला कोणी सांगितलं नाही. थोड्या वेळाने पेटी उजळली. कोट बाहेर नेला, पुन्हा वाट बघितली, पेटी विझली. तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या एक आई उठल्या. "साहेब, मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "या बाई काल फाटकाजवळ गेल्या होत्या का?"

"मुळीच नाही," साहेब म्हणाले. "मीच जाऊ दिलं नव्हतं."

"आणि त्यांचा कोट?"

खोलीत कोणीतरी खोकलं. मुख्याध्यापिका फाटकावरची पेटी हातात घेऊन अगदी शांत उभ्या होत्या.

"बस मागच्या मैदानात उभ्या राहतील," साहेब शेवटी म्हणाले. आणि थोडं थांबून, "मात्र फोटोची बाजू शाळेकडे."

ही अट कोणालाच जाचक वाटली नाही.

परत येताना दोघी गल्लीतून शेजारी शेजारी चालत होत्या. सासूबाई नेहमीपेक्षा सावकाश चालत होत्या. "मी घोळ घातला तुझ्या कामात," त्या मध्येच म्हणाल्या. "मला वाटलं, काहीतरी हातभार लावावा."

"लावलात की," सूनबाई म्हणाली. "गोळ्या नसत्या, तर दोन पेट्या बघून साहेब म्हणाले असते, योगायोग. आज शाळेला पटलं ते तुमच्यामुळे." ती हे त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणत नव्हती, आणि सासूबाईंना ते कळलं.

घरी मात्र वातावरण तंग झालं. "म्हणजे कोटामुळे होतं सगळं?" नवरा म्हणाला. "मग मी सिगारेटचं उगाच सांगितलं?"

"आणि मी पेट्रोलचं," सासरे म्हणाले, आणि जीभ चावली. पण उशीर झाला होता. सासूबाईंनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "कुठलं पेट्रोल?"

त्या प्रकरणाचा निकाल लागायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सूनबाई काकूंकडे जाऊन रीतसर माफी मागून आली, काकूंच्या बहिणीकडून डबा परत आला, आणि सासूबाईंनी यादीप्रमाणे गोळ्या जागच्या जागी ठेवल्या. मग त्या सुनेच्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. सूनबाई पेटी प्रयोगशाळेत परत न्यायला गुंडाळत होती.

"ही नेतेस का?" त्यांनी विचारलं.

"हो. न्यावीच लागते."

"एक इथेच ठेव की. मोठ्या कपाटात." सासूबाई आत येऊन पलंगावर टेकल्या. "गोळ्या हळूहळू झिजून जातात बघ, आणि मला वास येत नाही, त्यामुळे संपल्या तरी समजत नाही. पेटी विझली की मी समजेन. नव्या टाकीन."

सूनबाई हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिचं काम इतकं नेमकं कोणाला कळलं नव्हतं, विभागप्रमुखांनासुद्धा नाही.

"नाही हो, आई," ती हळहळून म्हणाली. "घरात कायमची ठेवायला परवानगी नाही. नियमात बसत नाही ते."

सासूबाईंनी पलंगावर पडलेला उसवलेला कोट मांडीवर ओढला आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

"कोट तरी कुठे बसत होता," त्या म्हणाल्या. "बघ जरा दुमडून."